यंदा आमच्याकडे नाही

दिवाळी आठ दिवसांवर आली की एक वाक्य कुठे ना कुठे कानांवर पडतेच. वाण्याच्या दुकानात, जिन्यात, भाजी निवडून घेता घेता कोणीतरी सहज विचारते, "काय हो, झाला का फराळ?" आणि समोरची बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणते, "यंदा आमच्याकडे नाही." पुढे कोणी काही विचारीत नाही. काय नाही, का नाही, हे मराठी माणसाला फोड करून सांगावे लागत नाही. त्या घरातले एक माणूस या वर्षात गेलेले असते.

वाक्य अवघे तीन शब्दांचे. पण त्यामागे केवढी तरी मोठी रीत उभी आहे. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या घरी तळणाची कढई चढत नाही, दारावर कंदील लागत नाही, रांगोळी काढलीच तर चार ठिपक्यांवर भागवतात. सगळीकडे हे असेच असते असे नाही. कोणी पहिला सण मुद्दाम करून दुखवटा काढतात, कोणाचे सूतक तेराव्याला संपते. तरीही पुष्कळ घरांतून हे "नाही" अजून पाळले जाते. लहानपणी मला ते फार निर्दय वाटे. आधीच घरातले माणूस गेलेले. त्यात सगळी आळी झगमगत असताना आपलेच घर तेवढे काळोखात का ठेवायचे?

मोठेपणी उमगले की ही अर्धीच रीत झाली. तिचा दुसरा अर्धा भाग दुःखाच्या घराने पाळायचा नसतो, शेजाऱ्यांनी पाळायचा असतो. ज्या घरी तळण नाही, त्या घरी चार घरांनी ताट न्यायचे. आणि हे काही फक्त आपल्या दिवाळीचेच आहे असेही नाही. गोव्यात नाताळच्या दिवसांत नेवऱ्या, दोदोल असे गोडाधोडाचे ताट शेजारीपाजारी पाठवायची चाल आहे. तिथेही ज्या घरात दुःख झाले असेल ते घर त्या वर्षी ताट पाठवीत नाही. त्या घरी ताटे येतात. देव वेगळा, महिना वेगळा, पण कढई खाली ठेवण्याची समजूत मात्र एकच. नेवरी म्हणजे तरी दुसरे काय? आपली करंजीच ती!

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. अलोऱ्याला शिकले.

अलोरे हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणहून कराडकडे जाऊ लागले की कुंभार्ली घाट चढण्याआधी लागते. गाव मूळचे लहानसे. पण कोयनेच्या विजेचा प्रकल्प आला, त्याची वसाहत तिथे उभी राहिली, आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी जणू अवघा हिंदुस्थान राहायला आला. एकाच रांगेत धारवाडकडचे कानडी बिऱ्हाड, आंध्रातले गवंडी-मुकादम, केरळातले वेल्डर, पंजाबी ड्रायव्हर आणि गुहागरकडून आलेले आम्ही. भिंतीला भिंत लागलेली. एका घरात फोडणी पडली की चौथ्या घरातला माणूस शिंकायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, प्रकल्पाच्या कचेरीत नकाशे काढीत. रविवारी ते मला हाताशी धरून फिरायला नेत आणि पाण्याची गोष्ट सांगत. कोयना ही खरी पूर्वेकडची, कृष्णेला मिळणारी नदी. तिचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगदे खणून पश्चिमेला कोकणात आणले. ते पोफळीला खाली पडते आणि वीज देते. मग तेच पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा साठवतात, आणि अलोऱ्याच्या बाजूला ते पुन्हा एकदा खाली पडून पुन्हा वीज देते. नंतर वाशिष्ठीतून चिपळूणवरून ते दाभोळच्या खाडीला जाते. त्या तिसऱ्या टप्प्याचे काम तेव्हा चालले होते. नाना म्हणत, "एकदा पडलेलं पाणी संपत नाही, बये. त्याला पुढचा उतार तेवढा दाखवावा लागतो."

१९७६ च्या श्रावणात काविळीचे निमित्त झाले आणि पंधरा दिवसांत नाना गेले. त्यांचे वय एकेचाळीस. मी अकरा वर्षांची, धाकटा भाऊ सहा वर्षांचा. घरात आई आणि नानांची आई. आजीने आधी नवरा पाठवला होता. आता मुलगा पाठवला. त्यानंतर ती फारशी बोलत नसे. दाराशी पाटावर बसून माळ ओढीत असे.

दिवाळी आली. आईने कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकले, "यंदा आमच्याकडे नाही." रांगेतल्या सगळ्या दारांवर कंदील लागले, आमचे दार तेवढे, दातांच्या ओळीतला एक दात पडावा, तसे काळे राहिले. आणि मग ताटे यायला लागली. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी पाच, भाऊबीज होईपर्यंत एकूण अकरा. कानडी काकूंची कर्जिकाई, आंध्रातल्या अम्मांचे अरिसेलु, पंजाबी बाईंच्या पिन्न्या. कर्जिकाई म्हणजे आमच्या करंजीची बहीण आणि अरिसेलु म्हणजे अनारशाचा चुलतभाऊ, हे मला त्या दिवाळीत कळले. ताटे आणणाऱ्या बाया बसत नसत, आग्रह करीत नसत. ताट ओट्यावर ठेवीत, आईच्या पाठीवरून हात फिरवीत आणि जात.

पण भावाने मात्र धरणे धरले. अकरा ताटांतल्या एकाही करंजीला त्याने तोंड लावले नाही. एकेक करंजी उचलायचा, तिची कड न्याहाळायचा आणि परत ठेवायचा. "ही मुरडीची नाही. आईची करंजी कुठे आहे?"

आई करंजीला कातणाने कापत नसे. कडेला बोटाने बारीक बारीक पीळ घालीत जाई. ती मुरड दोरीच्या पिळासारखी दिसे. आजीनेच तिला ती शिकवली होती. गौरींना निरोप देताना मुरडीचे कानवले करतात, ते का, हे तुम्हांला ठाऊकच आहे. गौरीने मुरडून पुन्हा यावे म्हणून. भावाला यातले काही कळत नव्हते. त्याला एवढेच कळत होते की दिवाळी आली आणि मुरड आली नाही. तो चार दिवस बिस्किटे खाऊन राहिला. आई त्याच्याकडे पाही आणि नजर वळवून घेई. तिला करून घालता येत नव्हते. मुख्य म्हणजे तिला रडताही येत नव्हते. नाना गेल्या दिवसापासून तिच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता, आणि आजीला त्याचीच जास्त काळजी होती.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. काही नसले तर चिमूटभर साखर तरी घालावी. पण दुखवट्याच्या घराने सणाचे ताट भरून कसे परत करायचे? म्हणून ती अकराही ताटे आमच्या फडताळात एकावर एक राहिली. स्टेनची, पितळेची, जर्मनची. कोणावर कानडीत नाव कोरलेले, कोणावर तेलुगूत, कोणावर गुरुमुखीत. वर्षभरात एकाही घरातून "आमचं ताट द्या" म्हणून कोणी आले नाही.

त्या अकरांत एक ताट पोचे आलेले होते. त्यात घरचा फराळ नव्हता. चार पेढे आणि विकतची बिस्किटे होती. भाऊ जगला तो त्यांवर. ते ताट सिस्टरमावशींचे.

सिस्टरमावशी आमच्या रांगेच्या शेवटच्या खोलीत एकट्या राहत. वसाहतीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकून तयार झालेल्या. नऊवारी आजीपासून पोलक्यातल्या पोरीपर्यंत सगळ्यांना त्या "आता जरा श्वास घ्या बघू" असे एकाच स्वरात सांगत. आजी त्यांच्या हातचे इंजेक्शन घेई, पण पाणी घेत नसे. त्यांनाही ते माहीत होते आणि त्या कधी पाणी पुढे करीत नसत. असा सगळा समजुतीचा मामला होता.

दिवाळी होऊन महिना-दीड महिना लोटला. डिसेंबरची ११ तारीख. शनिवार असल्यामुळे शाळा सकाळची होती आणि मी घरातच होते. दुपारी सिस्टरमावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, माझ्याकडे यायचं. करंज्या करायच्यात."

आई म्हणाली, "सिस्टर, यंदा आमच्याकडे नाही."

"तुमच्याकडे नाहीच. माझ्याकडे आहे. खोबरं माझं, साखर माझी, स्टोव्ह माझा, सणही माझा. तुमचे नुसते हात पाहिजेत. एकटीनं लाटायचं आणि एकटीनंच तळायचं म्हणजे पाऱ्या वाळून जातात."

नगरकडच्या ख्रिस्ती घरांतून नाताळला केकच्या जोडीला करंज्या, लाडू, चकल्या असा आपलाच फराळ होतो, हे आम्हांला ठाऊक होते. आईने काही उत्तर दिले नाही. तिने आजीकडे पाहिले. आजीच्या हातातली माळ थांबली. मला वाटले, आता आजी काहीतरी कडक बोलणार.

आजी म्हणाली, "लोकाच्या कढईला आपलं सुतक कसलं? जा." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि वेलची हात राखून घालू नकोस. त्याला..." पुढचे वाक्य तिने माळेच्या मण्यांबरोबर पुढे ओढून टाकले.

मी आईच्या मागोमाग गेले. सिस्टरमावशींच्या खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर येशूचे चित्र, आणि कोपऱ्यात बांबूच्या काड्यांची अर्धवट कागद चिकटवलेली चांदणी होती. एरवी बायकांच्या खोलीत फोटो असतात. तिथे एकही नव्हता. रवा-मैदा दुधात भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवलेला होता. खोबरे किसून, भाजून तयार होते. आईने पदर खोचला, पोळपाट पुढे ओढला आणि तीन-चार महिन्यांनी तिच्या बांगड्यांविना असलेल्या हातांना काम मिळाले.

काम करता करता सिस्टरमावशी गुणगुणत होत्या. मी कान देऊन ऐकले तर शब्द येशूचे आणि चाल थेट अभंगाची! रेव्हरंड टिळकांचे ते पद, असे त्यांनी सांगितले. नारायण वामन टिळक आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्याच करजगावी जन्मले होते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पण त्यांची ओवी आणि अभंग काही सुटला नाही. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत त्यांची पदे आजही म्हणतात. १९१९ साली ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अर्धवट राहिले होते. ज्या लक्ष्मीबाईंना लग्नानंतर अक्षरओळखही धड नव्हती, त्यांनीच ते पुढे लिहून पुरे केले. 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाई त्याच. सिस्टरमावशी आईला म्हणाल्या, "त्या बाईंनी महाकाव्य पुरं केलं, वहिनी. आपण करंज्या तरी पुऱ्या करू."

आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. अगदी थोडेसे.

पहिला घाणा निघाला तेव्हा आईने विचारले, "नाताळ अजून पंधरा दिवस आहे. आजच का काढल्यात?"

सिस्टरमावशींनी स्टोव्ह जरा बारीक केला आणि सांगितले. मी पारीचे कडबोळे करीत खाली बसले होते. मला ऐकू येते आहे हे दोघींच्याही लक्षात नव्हते.

जुन्या वाचकांना ती पहाट आठवत असेल. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटेचे चार वाजून गेलेले. मुंबई-पुण्याची माणसेही अंथरुणातून उठून रस्त्यावर आली होती. कोयनानगरला मात्र उठायला अवधीच मिळाला नाही. घरे झोपेतल्या माणसांवर बसली; त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. धरणाला तडे गेले, पण धरण टिकले. धरणाच्या साठ्याचा आणि त्या भूकंपाचा संबंध काय, याचा अभ्यास शास्त्रज्ञ आजही करीत आहेत. सिस्टरमावशी तेव्हा कोयनानगरला होत्या. त्या रात्री त्यांची ड्यूटी होती. घरात नवरा आणि चार वर्षांची मुलगी. सकाळी उजाडल्यावर त्या घराच्या जागी पोचल्या तेव्हा तिथे घर नव्हते. ढिगाऱ्यातून जे काही हाती आले त्यात एक ताट होते. मुलीच्या बाप्तिस्म्याला आजोळहून आलेले. त्यावर तिचे नाव आणि तारीख. फोटो एकही मिळाला नाही.

"त्या दिवशी मी जखमा बांधत होते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. कोणी मला बस म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी मी बसले नसते. नाताळ आला तेव्हा आम्ही तंबूत होतो. मी ठरवलं होतं, आता यापुढं नाताळ नाही. सकाळी एक म्हातारी आली. जवळच्याच खेड्यातली. तिचंही घर पडलं होतं, नातू गेला होता. मला म्हणाली, 'बाई, तुमचा सण हाय न्हवं आज? आमच्यात यंदा तळण न्हाई, म्हून गूळ आणलाय.' पदराच्या गाठीत गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे होते. मी ते खाल्लं, वहिनी. मग रडले. दोन आठवड्यांत पहिल्यांदा."

कढईतल्या करंज्या तांबूस झाल्या होत्या. त्या झाऱ्याने निथळत त्या पुढे म्हणाल्या, "तेव्हापासून ११ तारखेला मी तळणच काढते. या दिवशी हात रिकामे ठेवले की मन त्या पहाटेला जातं. दरसाल एकटीच करते. यंदा म्हटलं, तुमचेही हात रिकामेच आहेत."

आई काही बोलली नाही. ती लाटीत राहिली. मी पाहिले, तिची बोटे आपोआप कडेला पीळ घालू लागली होती. सिस्टरमावशी कातण फिरवीत होत्या आणि आई मुरड घालीत होती. कातणाच्या करंज्या एका बाजूला, मुरडीच्या दुसऱ्या बाजूला. संध्याकाळपर्यंत डबा भरला.

पंचवीस तारखेला सकाळी शेवटच्या खोलीच्या दाराशी चांदणी लागली आणि आमच्याकडे ताट आले. आमच्याच फडताळातले ते पोचे आलेले ताट सिस्टरमावशींनी आदल्या दिवशी मागून नेले होते. अकरांतले तेवढे एकच ताट वर्षाच्या आत घराबाहेर पडले, आणि तेही भरून परत आले. भाऊ नेहमीप्रमाणे तपासणीला बसला. एक करंजी उचलली, ठेवली. दुसरी उचलली. कडेवरून बोट फिरवले आणि ओरडला, "ही आईची आहे! आजी, ही आईची आहे!"

ती त्याने दोन्ही हातांनी धरून खाल्ली. आई हसली, मग स्वयंपाकघरात गेली, आणि मग आतून असा आवाज आला की मी घाबरून उठले. आजीने माझा हात धरून मला खाली बसवले. "राहू दे," ती म्हणाली. "रडू दे तिला. चार महिन्यांचं आहे." आई किती वेळ रडली कोण जाणे. भाऊ तेवढ्यात तीन करंज्या खाऊन मोकळा झाला. आजीने स्वतः करंजी खाल्ली नाही. तिची रीत ती सोडणार नव्हती. पण तिने ताटातली एक मुरडीची निवडून घेतली आणि नानांच्या फोटोपुढे ठेवली. फोटोपुढच्या करंजीला मुंग्या लागेपर्यंत ती तिथून कोणी उचलली नाही.

म्हणूनच नाताळ म्हटला की लोकांना केकचा वास आठवतो आणि मला वेलचीचा. तो वास आला की गोड वाटते आणि घशाशी काहीतरी अडकतेही. दोन्ही एकदमच होते. वेगळे करता येत नाही, आणि आता करावेसेही वाटत नाही.

पुढच्या दिवाळीपर्यंत वर्षश्राद्ध झाले होते. आईने कढई चढवली आणि दहा ताटे भरून दहा घरी परत पाठवली. मी आणि भाऊ पोचवायला गेलो. एका बिऱ्हाडाची तोवर बदली झाली होती. त्यांचे ताट कराडला जाणाऱ्या ड्रायव्हरबरोबर, पुरचुंडी बांधून पुढे गेले. सिस्टरमावशींचे ताट आई स्वतः घेऊन गेली. त्या म्हणाल्या, "ते तुमच्याकडेच राहू द्या. त्याला लहान मुलाच्या घरात राहायची सवय आहे." तेव्हापासून भाऊ त्याच ताटात जेवला.

त्यानंतर वसाहतीत असेतो दरसाल ११ डिसेंबरला आई शेवटच्या खोलीत करंज्या करायला जात असे. दोघी त्या दिवशी फारसे बोलत नसत, असे आई सांगे. पुढे सिस्टरमावशी निवृत्त होऊन नगरला गेल्या. प्रकल्पाची कामे सरत गेली तशी आमची रांगही हळूहळू रिकामी झाली. बिऱ्हाडे आपापल्या मुलखाला पांगली. नगरहून नाताळचे पत्र येई, त्यात नेहमी एक ओळ असे, की यंदा एकटीनेच लाटल्या, पाऱ्या वाळल्या. मग एका वर्षी पत्र आले नाही. आजी तर त्याआधीच गेली होती. आईही आता नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण निराळेच आहे.

मी आता पुण्यात एका मोठ्या सोसायटीत राहते. गेल्या वर्षी आषाढात माझे यजमान गेले. दिवाळी आली, मी रीत पाळली, कढई चढवली नाही, कंदील लावला नाही. पण माझ्याकडे एकही ताट आले नाही. शेजारी वाईट आहेत असे मुळीच नाही. यजमानांच्या आजारपणात याच मंडळींनी रात्री-अपरात्री गाडी काढली होती. पण फराळ आता बहुतेकांकडे दुकानातून येतो. तळणाचा वास कोणाच्याच घरातून येत नाही, मग तो कोणाच्या घरातून येत नाही हे कळणार कसे? जिन्यात कोणी भेटत नाही, लिफ्टमध्ये तीन मजले जाईतो विचारायचे तरी काय? मोबाइलवर जोडलेल्या हातांची चित्रे मात्र पुष्कळ आली. रीतीचा पहिला अर्धा भाग आम्ही जपून ठेवला आहे. दुसरा कुठेतरी सांडला. आणि दुसऱ्यावाचून पहिला म्हणजे नुसता काळोख.

डिसेंबरात कुरियरने एक डबा आला. नाशिकहून, भावाकडून. त्याने आता पंचावन्न ओलांडली आहेत, केस माझ्यापेक्षा जास्त पिकले आहेत. डब्यात करंज्या होत्या. बायकोने केलेल्या नव्हेत. त्याने स्वतः, आयुष्यात पहिल्यांदाच केलेल्या. मुरड कसली, वळकट्याच होत्या त्या! निम्म्यांचे सारण बाहेर आलेले, काही करपलेल्या. चिठ्ठीत एवढेच होते : "११ तारखेला केल्या. ताई, वेलची हात राखून घातलेली नाही."

मी ती चिठ्ठी वाचली, एक करपलेली करंजी खाल्ली, आणि आईसारखीच स्वयंपाकघरात गेले.

नाना म्हणत ते पाण्याचे होते. पण मला वाटते दुःखाचेही तसेच असावे. कोसळते ते कोसळतेच, त्याला कोणी थांबवू शकत नाही. मात्र पुढचा उतार कोणीतरी दाखवावा लागतो. कोयनानगरच्या तंबूत तो एका म्हातारीने गुळाच्या खड्याने दाखवला. तेच पाणी पुढे अलोऱ्याला आले, आणि तिथून नाशिकवरून पुण्यापर्यंत पोचले. त्या म्हातारीचे नाव सिस्टरमावशींनाही ठाऊक नव्हते.

यंदा वर्षश्राद्ध झाले आहे. यंदा आमच्याकडे आहे. सुनेला हौस आहे, नात पीठ उडवायला आहे, आणि मुरड मला अजून येते. आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर एका घरी भाद्रपदात दुःख झाले. तरुण जोडपे, त्याची आई गेली. ओळख म्हणावी तर लिफ्टपुरती. त्यांच्याकडे रीत पाळतात की नाही, ते कोणत्या गावचे, कोणत्या देवाचे, मला काही माहीत नाही. मी ताट काढून ठेवले आहे. त्यावर नाव कोरलेले आहे. परत मागायला मात्र वर्षभर जाणार नाही.